देणगी द्या, पण सूट देऊ नका



फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप असलं की कधी कधी वेगळंच काम चालून येतं. समजा, कर्जतजवळ एका ख्रिस्ती संस्थेची शिबिराची जागा आहे. मे महिन्याच्या सुट्टीत चर्चची मुलं तिथे राहायला येतात. तिथले फादर तुम्हाला बोलावून म्हणतात, "मैदानात मुलांना चढायला क्लाइंबिंग वॉल बांधून द्या, २५ फुटांची." तुम्ही हिशोब करून ६ लाखांचं कोटेशन देता. मग ते म्हणतात, "पैसा देणग्यांचा आहे हो. सेवा समजून थोडं कमी करा."

आता काय कराल?

माझं मत स्पष्ट आहे. अशा कामात एक रुपयाही सूट देऊ नका. तुम्ही म्हणाल, सर, एवढं कठोर कशाला? सांगतो.

सूट कुठून तरी काढावीच लागते. मजुरी ठरलेली, क्रेनचं भाडं ठरलेलं. मग हात जातो मालावर. पाया थोडा उथळ, पाइप थोडा हलका, मरीन प्लायऐवजी साधा प्लाय. वरून रंग मारला की फादरना काहीच दिसणार नाही. आणि इथेच धोका आहे.

उघड्या मैदानातली २५ फुटी भिंत वाऱ्यासाठी होर्डिंगसारखीच असते. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात होर्डिंग पडलं आणि १७ माणसं गेली, आठवतंय ना? म्हणून पाया अंदाजाने ठरवायचा नाही. वाऱ्याच्या भारासाठी आयएस ८७५ चा भाग ३ आहे, कृत्रिम चढाईच्या भिंतींसाठी युरोपचं ईएन १२५७२ हे मानक आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून डिझाइन करून सही घ्या आणि त्याची फी कोटेशनमध्ये वेगळी दाखवा.

दुसरी गोष्ट दोराची. दोर वरच्या अँकरमधून फिरून खाली येतो. एका टोकाला मूल, दुसऱ्या टोकाला त्याला सांभाळणारा. ५० किलोचं मूल लटकलं तर अँकरवर ५० नाही, जवळपास दुप्पट ओढ येते. झटका बसला तर आणखी जास्त.

तिसरी गोष्ट पाऊस. आपल्याकडे चार महिने प्लाय भिजतो, फुगतो. होल्ड ज्यात आवळतात ते प्लायमागचे टी-नट गंजतात. नायलॉनचा दोर उन्हात कमजोर होतो. म्हणजे भिंत बांधून दिली की काम संपलं असं नाही. पावसाळ्यानंतर एकदा आणि शिबिराआधी एकदा तपासणी, असा वार्षिक करार सुरुवातीलाच करा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी तो लागतोच, आणि तुमचं दरवर्षीचं उत्पन्नही त्यातच आहे.

मग संस्थेचं बजेट खरंच कमी असेल तर? काम कमी करा, दर्जा नको. २५ फुटांऐवजी १० फुटांची, बिनदोराची बोल्डरिंगची भिंत सुचवा. खाली जाड गाद्या मात्र हव्यातच. मोठी भिंत पुढच्या टप्प्यात.

आणि मनापासून सेवा करायची असेल तर जरूर करा. बिल पूर्ण लावा, पैसे पूर्ण घ्या, मग आपल्या नफ्यातून संस्थेला चेकने देणगी द्या, पावती घ्या. सूट दिली तर ती मालातून जाते, देणगी दिली तर ती तुमच्या खिशातून जाते. हा फरक कायम लक्षात ठेवा.

"दुसरा कोणी स्वस्तात करून देईल," असं म्हणतील. करू द्या. त्या भिंतीवर कोणाचं तरी लेकरू चढणार आहे. ते काम गेल्याची हळहळ दोन दिवसांत विसराल. वाचवलेल्या एका बोल्टमुळे ते लेकरू पडलं, तर ते जन्मभर विसरता येणार नाही.

आजचा होमवर्क: तुमचं शेवटचं कोटेशन काढा. त्यात दिलेली सूट नेमकी कशातून निघाली, ते प्रामाणिकपणे लिहून काढा. उत्तर नफ्यातून असेल तर ठीक. मालातून असेल, तर उद्यापासून कोटेशन बदला.