स्वेच्छेची शिस्त

नोव्हेंबरचा चौथा रविवार हा राष्ट्रीय छात्र सेनेचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एनसीसीचा दिवस. आज ठिकठिकाणच्या शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर संचलने होतील, रक्तदानाची शिबिरे लागतील, पाहुण्यांना मानवंदना दिली जाईल. त्या पाहुण्यांपैकी कोणी ना कोणी भाषणाच्या भरात म्हणेल, की आजच्या पिढीला वळण लावायचे असेल तर एनसीसी सक्तीची करायला हवी. टाळ्याही पडतील. मोबाइलमध्ये मान खुपसून बसलेल्या मुलांपुढे हात टेकलेल्या पालकांना हा उपाय मनापासून पटतो. जून २०२५ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षणमंत्र्यांनी पहिलीपासून प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हाही त्याला दाद देणारे कमी नव्हते. छात्रसैनिकांना शुभेच्छा द्यायलाच हव्यात. पण सक्तीच्या या मागणीला उत्तरही द्यायला हवे आणि ते शोधायला फार लांब जावे लागत नाही. एनसीसीच्याच इतिहासात ते नोंदलेले आहे.

या संघटनेचा आराखडा एका नेमस्त संसदपटूच्या अध्यक्षतेखाली तयार झाला, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नसते. १९४६ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते पंडित हृदयनाथ कुंझरू. महाराष्ट्राला हे नाव परके वाटू नये. नामदार गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते कार्यकर्ते आणि १९३६ पासून अध्यक्ष. आयुष्यभर सनदशीर मार्गाने चाललेला, कायदेमंडळात संरक्षणाच्या प्रश्नांवर सरकारला धारेवर धरणारा हा माणूस. अलाहाबादेत मदनमोहन मालवीयांच्या बरोबरीने त्यांनी स्काउट चळवळ उभी केली होती. पुढे भारत स्काउट्स आणि गाइड्सचे ते पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले. गणवेशातल्या मुलांचे काय करायचे, याचा विचार त्यांनी समितीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून केलेला होता.

त्यांच्यासमोर ब्रिटिशांचा नमुना होता. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळ कमी पडू लागले, तेव्हा १९१७ मध्ये सरकारने विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे दल काढले. १९२० च्या कायद्याने त्याचे युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर झाले, १९४२ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर. पाट्या बदलल्या, हिशेब तोच राहिला: सैन्याला माणसे हवीत आणि ती शिकलेली हवीत. कुंझरू समितीने हा हिशेब मोडला. शाळांपासून महाविद्यालयांपर्यंत देशभर पसरलेली संघटना असावी, तिने मुलांचे चारित्र्य आणि नेतृत्व घडवावे, वेळ पडल्यास देशाला त्यांचा उपयोग व्हावा, असा तिचा रोख होता. १९४८ मध्ये कायदा झाला. विद्यार्थ्याने नाव नोंदवायला स्वतः पुढे यावे, अशी त्याची रचना आहे आणि छात्रसैनिकावर प्रत्यक्ष लष्करी सेवेचे कोणतेही बंधन राहणार नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग सुरू झाला. १९५० मध्ये हवाई विभाग आला, १९५२ मध्ये नौदलाचा.

मग १९६२ चे चिनी आक्रमण झाले. त्या पराभवाने देश हादरला होता आणि काहीतरी करून दाखवण्याची निकड सगळ्यांनाच वाटत होती. १९६३ मध्ये महाविद्यालयीन मुलांना एनसीसी सक्तीची करण्यात आली. भावना समजण्यासारखी होती, पण तयारी कुठे होती? मुलांची संख्या एका आदेशाने वाढवता येते; त्यांना शिकवणारे अधिकारी आणि हवालदार, त्यांच्यासाठी रायफली, बूट आणि मैदाने आदेशाने वाढत नाहीत. ज्या कवायतीला मुले हौसेने येत, ती हजेरीपटावरची एक अट झाली. अट म्हटली की पळवाटा आल्याच. अखेर १९६८ मध्ये सक्ती मागे घेतली गेली आणि दुसऱ्या वर्षी, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने, राष्ट्रीय सेवा योजनेचा पर्याय पुढे आला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत छात्रसैनिकांनी दारूगोळा कारखान्यांत मदत केली, नागरी संरक्षणात पहारे दिले. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण १९७१ ची मदत सक्ती उठल्यानंतरची आहे, हेही त्यासोबत ध्यानात ठेवावे.

सरसकट योजनांचे काय होते, याचे आणखी एक उदाहरण मराठी माणसाच्या जवळचे आहे. सावंतवाडीकडच्या तिरोड्याचे जनरल जगन्नाथराव भोसले हे आझाद हिंद सेनेतले वरिष्ठ सेनानी. स्वातंत्र्यानंतर केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री असताना, निर्वासितांच्या सैरभैर झालेल्या मुलांसाठी त्यांनी १९५४ मध्ये राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. छोट्या प्रमाणावर, ठरावीक मुलांसाठी, नेमके प्रशिक्षक घेऊन सुरू झालेली ही योजना फळाला आली. म्हणून ती शाळाशाळांत नेली गेली. १९६५ मध्ये ती नॅशनल फिटनेस कोअरमध्ये मिसळली आणि पुढे तो कोअरही कोणाच्या स्मरणात उरला नाही.

मग एनसीसी टिकली कशामुळे? कवायतीच्या मैदानावर घटकाभर उभे राहिले तर उमगेल. नव्या तुकडीची पहिली परेड म्हणजे गंमतच असते. ‘दाहिने मुड’ म्हटले की दोघे-तिघे हमखास डावीकडे वळतात. उजवा हात आणि उजवा पाय एकदम पुढे टाकत चालणारा एखादा असतोच आणि त्याचे त्यालाच कळत नाही. नवी बेरेट डोक्यावर पावासारखी फुगलेली असते. ती भिजवून, डोक्यावर घालून, हाताने दाबत वाळवावी लागते, तेव्हा कुठे नीट बसते. पट्ट्याचे बक्कल ब्रासोने घासायचे, बुटात तोंड दिसेल इतके पॉलिश करायचे, हे सगळे आईने करायचे नसते, आपले आपण करायचे असते. बऱ्याच घरांतल्या मुलग्यांना स्वतःचा शर्ट इस्त्री करण्याची वेळ प्रथम येते, ती एनसीसीमुळेच.

आणि मग हुकूम येतो: ‘लंबा दाहिने, छोटा बाएं, एक लाइन में, कद वार!’ सगळी तुकडी हलते आणि जो तो आपल्या उंचीप्रमाणे जागा शोधतो. त्या रांगेत आडनाव विचारले जात नाही. बापाची मिळकत, दहावीचे गुण, मराठी माध्यम की इंग्रजी, यांतले काही मोजले जात नाही. मोजली जाते ती फक्त उंची. वर्गात बाकांची वाटणी कशी होते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला या रांगेचे मोल वेगळे सांगायला नको. दहा दिवसांच्या वार्षिक शिबिरात हीच मुले एका तंबूत झोपतात, हातात ताट घेऊन एका रांगेत उभी राहतात, एकाच नळावर आपापली भांडी घासतात. फायरिंगच्या दिवशी पॉइंट टू-टू रायफल हाती येते तेव्हा पहिला धडा मिळतो तो ग्रुपिंगचा: गोळी मध्यावर नाही लागली तरी चालेल, पण सगळी छिद्रे एकमेकांजवळ हवीत. चूक एकसारखी असली की सुधारता येते, हे मुलांना तिथे उमजते. गावातल्या मुलीला तर या गणवेशाने पहाटे एकटीने घराबाहेर पडण्याचा परवाना मिळवून दिला आहे. ‘परेड आहे’ एवढे कारण घरच्यांना पुरते.

हे सारे घडते, कारण तिथली मुले स्वतःहून आलेली असतात. सगळी देशसेवेच्या ध्यासानेच येतात, असा भाबडा समज करून घेण्याचे कारण नाही. ‘सी’ प्रमाणपत्र असले की सैन्याच्या विशेष प्रवेश योजनेत लेखी परीक्षा टळते आणि उमेदवार थेट निवड मंडळाच्या मुलाखतीपर्यंत जातो. पोलीस भरतीत अधिकचे गुण मिळतात. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिराची, तिथल्या संचलनाची ओढ असते. पंतप्रधानांचा ध्वज महाराष्ट्राने अनेकदा आणला आहे आणि तो आपणही आणावा, अशी ईर्षा असते. यात वावगे काही नाही. कारण कोणतेही असो, मूल आपल्या मर्जीने आले की पहाटेची थंडी, पायाचे फोड आणि वरिष्ठांची बोलणी सोसण्याची त्याची तयारी असते. तीच गोष्ट लादली की तिची शिक्षा होते.

ही रेषा किती बारीक आहे, हे २०२३ च्या पावसाळ्यात ठाण्यातल्या एका महाविद्यालयातून बाहेर आलेल्या चित्रफितीने दाखवले. भर पावसात, साचलेल्या पाण्यात मुले डोके टेकवून ओणवी आणि त्यांच्या पाठीवर काठीचे फटके. मारणारा कोणी लष्करी अधिकारी नव्हता, वरच्या वर्गातला छात्र होता. छात्रसैनिकांच्या बोलीत अशा शिक्षेला ‘रगडा’ म्हणतात आणि ‘आम्हीही खाल्लाय’ असे अभिमानाने सांगणारे माजी छात्र आपल्यात पुष्कळ आहेत. तो अभिमान आता आवरलेला बरा. उशीर झाला म्हणून मैदानाला एक फेरी मारायला लावणे वेगळे आणि अपमान करणे वेगळे. ज्या मुलाला फटके देऊन शिस्त शिकवली जाते, तो शिस्त शिकत नाही; आपली पाळी कधी येते याची वाट पाहायला शिकतो. ऐच्छिक संघटनेत ही गत असेल, तर सक्तीच्या आणि तीही पहिली-दुसरीच्या वर्गात काय होईल, याचा विचार घोषणेआधी व्हायला हवा.

ठाण्यासारखे प्रकार रोखायला मैदानावर जबाबदार मोठे माणूस लागते. हे माणूस म्हणजे एएनओ, असोसिएट एनसीसी ऑफिसर. तो मूळचा शिक्षक किंवा प्राध्यापक असतो. पुरुषांनी नागपूरजवळच्या कामठीच्या अकादमीत आणि महिलांनी ग्वाल्हेरच्या अकादमीत प्रशिक्षण घेऊन यायचे, मग वर्गातले तास सांभाळून परेड, शिबिरे, कागदपत्रे, गणवेशांचा हिशेब आणि पालकांच्या शंका असे सगळे निभवायचे. बटालियनकडून येणारे हवालदार कवायत उत्तम शिकवतात, पण त्यांची बदली होते. मुलांना वर्षानुवर्षे ओळखणारा हाच एक माणूस. संघटनेचा कणा कोण, असे विचारले तर बोट त्याच्याकडेच दाखवावे लागेल आणि आज तोच दुर्मीळ होत चालला आहे. महाविद्यालयांत कायम प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या, तासिका तत्त्वावर माणसे नेमून वेळ मारून न्यायची आणि वर एनसीसीचा विस्तार मागायचा, हे गणित जुळणारे नाही. तासावर पैसे मिळणाऱ्या प्राध्यापकाने मुलांना घेऊन दहा दिवस शिबिराला कोणाच्या जिवावर जावे?

आणि विस्तार तर होतोच आहे. वीस हजार छात्रांनिशी सुरू झालेली ही संघटना सतरा लाखांवर गेली. २०२० मध्ये सीमेवरच्या आणि किनाऱ्यावरच्या १७३ जिल्ह्यांसाठी एक लाख छात्रांच्या वाढीची घोषणा झाली. कोकणपट्टीच्या दृष्टीने ती महत्त्वाची होती. आता मंजूर संख्या वीस लाखांपर्यंत नेण्याचे ठरले आहे. २०२१ पासून विद्यापीठांत एनसीसी श्रेयांकाचा ऐच्छिक विषय म्हणूनही घेता येते. ही पावले योग्य दिशेची आहेत. मात्र संस्थेने खर्च उचलायचा, अशा स्वयंअर्थसाहाय्यित जागा वाढत आहेत, त्याकडे डोळसपणे पाहावे लागेल. ज्या शाळेच्या तिजोरीत पैसे तिच्याकडे तुकडी, असे होऊ लागले, तर कद वार उभी राहणारी ती रांग आधीच्या फाटकावरच चाळली जाईल. मेळघाटातल्या आश्रमशाळेतल्या मुलाला आणि बीडच्या ऊसतोड कामगाराच्या मुलीला या रांगेची गरज सर्वांत जास्त आहे.

म्हणूनच शासनाने सक्तीचा विषय बाजूला ठेवून साध्या गोष्टी कराव्यात. जिथे नाव द्यायला मुले तयार आहेत पण तुकडीच नाही, अशा अनुदानित, जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांची यादी करावी आणि नव्या जागांत त्यांना पहिला हक्क द्यावा. एएनओ होणाऱ्या शिक्षकाचा तासांचा भार कमी करावा, त्याचे मानधन वेळेवर द्यावे आणि पदोन्नतीत त्या कामाची नोंद घ्यावी. वरिष्ठ छात्राच्या हाती शिक्षेचा अधिकार राहू नये. मैदानावर प्रशिक्षित मोठे माणूस नसेल तर त्या दिवशी परेड भरू नये. तक्रार करणाऱ्या मुलाचे नाव तुकडीत फुटणार नाही, अशी सोय असावी. यांतली एकही गोष्ट भाषणात टाळ्या मिळवून देणारी नाही, पण कुंझरूंच्या कल्पनेतली संघटना अशाच कामांवर उभी राहते.

देशातली सगळी मुले गणवेशात दिसली तर देश शिस्तीचा झाला, असे १९६३ मध्ये आपल्याला वाटले होते. पाच वर्षांत तो भ्रम फिटला. शिस्त ही अखेर आपण आपल्याला घालून घेतलेली गोष्ट आहे. बाहेरून घातलेली शिस्त बाहेरचा माणूस पाठमोरा झाला की गळून पडते. आज ज्यांनी स्वतःहून नाव दिले आहे, त्या मुलामुलींचे मनापासून अभिनंदन. ज्यांना नाव द्यायचे आहे आणि जागा मिळालेली नाही, त्यांचे देणे मात्र सरकारवर बाकी आहे. सक्तीची भाषा करणाऱ्यांनी आधी ते फेडावे.