भांडण रशिया-जर्मनीचं, जहाजं भारताची अडली. झळ पनवेलच्या सीएनजी पंपापर्यंत कशी आली?

एप्रिल 2022. राज्य सरकारनं सीएनजीवरचा व्हॅट 13.5 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणला आणि महानगर गॅसचा दर किलोमागे 60 रुपये झाला. मुंबईपासून पनवेलपर्यंतच्या रिक्षावाल्यांना तेवढाच दिलासा. पण नोव्हेंबरमध्ये तोच दर 89 रुपये 50 पैशांवर गेला होता. सात महिन्यांत असं झालं काय?

कर तेवढाच होता, गॅस महागला होता. युक्रेनवर हल्ला केल्यावर रशियानं गॅसचा नळच हत्यार म्हणून वापरला. पैसे रुबलमध्ये द्या, ही अट पोलंड आणि बल्गेरियानं मानली नाही. 27 एप्रिलला दोघांचा पुरवठा बंद. पुढे जर्मनीचाही नंबर लागला. मग युरोप जहाजानं येणाऱ्या एलएनजीवर, म्हणजे थंड करून द्रवरूप केलेल्या गॅसवर, तुटून पडला आणि मिळेल त्या भावानं उचलू लागला. भारत गरजेचा जवळपास निम्मा गॅस बाहेरून आणतो. देशात निघणाऱ्या गॅसचा सरकारी दरही तेव्हा परदेशी बाजारांना बांधलेला होता. ऑक्टोबरमध्ये तो 6.10 वरून 8.57 डॉलरवर गेला.

दुसरा फटका मात्र फारच विचित्र होता. सरकारी कंपनी 'गेल'चा रशियाच्या गॅझप्रॉमशी 20 वर्षांचा करार होता, वर्षाला सुमारे 25 लाख टनांचा. पहिलं जहाज 2018 मध्ये गुजरातच्या दहेजला लागलं. याच दहेजहून उरण-पनवेलपर्यंत गेलची पाइपलाइन येते. भारतानं रशियावर निर्बंधही घातले नव्हते. मग गॅस अडला कुठे?

अडला मालकीत. करार होता गॅझप्रॉमच्या सिंगापूरमधल्या कंपनीशी आणि ती कंपनी होती गॅझप्रॉमच्याच जर्मन शाखेची. एप्रिलमध्ये जर्मनीनं ही शाखा ताब्यात घेतली. मे महिन्यात चिडलेल्या रशियानं तिच्यावरच निर्बंध टाकले. म्हणजे मित्रदेशानं शत्रूला मारलेला दगड भारताला लागला! गेलला खत कारखाने आणि उद्योगांचा गॅस कमी करावा लागला. पुरवठा 2023 मध्ये परत सुरू झाला. लंडनच्या लवादातला दावा जानेवारी 2025 मध्ये 28.5 कोटी डॉलरवर मिटला.

कतारचा अनुभव वेगळा आहे. 2017 मध्ये यूएईनं कतारची नाकेबंदी केली, तरी कतारनं यूएईला जाणारा गॅस तोडला नाही. भरवशाचा विक्रेता म्हणून नाव टिकवणं हेही परराष्ट्र धोरणच. फेब्रुवारी 2024 मध्ये भारतानं याच कतारशी वर्षाला 75 लाख टनांचा करार 2048 पर्यंत वाढवला. फक्त ही जहाजं होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतात, आणि तिच्या एका काठावर इराण आहे.