वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली, पण पुढे ताटाचं आणि चालण्याचं काय?

२०२५ मध्ये लठ्ठपणा हा विषय भारतात एकदम बातम्यांमध्ये आला. फेब्रुवारीत पंतप्रधान नरेंद्र मोदींनी 'मन की बात'मध्ये खाद्यतेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचं आवाहन केलं. मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन घटवणारी इंजेक्शनं भारतीय बाजारात दाखल झाली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या २४ टक्के महिला आणि जवळपास २३ टक्के पुरुषांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे किंवा ते लठ्ठ आहेत.

या चर्चेत बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेचं नाव हमखास येतं. महाराष्ट्राला ही शस्त्रक्रिया नवीन नाही. २०११ मध्ये नितीन गडकरी आणि २०१४ मध्ये अरुण जेटली यांनी ती करून घेतली तेव्हा तिची बरीच चर्चा झाली होती. पण बातम्या आणि जाहिराती 'आधी-नंतर'च्या फोटोंवर थांबतात. त्या दुसऱ्या फोटोनंतरची पाच-दहा वर्षं कशी जातात, हे मात्र घरातल्या स्वयंपाकघरात आणि पायाखालच्या रस्त्यावर ठरतं.

शस्त्रक्रियेत नेमकं काय बदलतं?

'पोट शिवून लहान करतात' एवढंच बहुतेकांना माहीत असतं. ते अर्धवट आहे. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या भागाची अगदी छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. पण खरा फरक पडतो तो हॉर्मोन्समुळे. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन हे प्रामुख्याने जठराच्या वरच्या भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये तोच भाग जातो. शिवाय जेवणानंतर जीएलपी-१ हे हॉर्मोन जास्त प्रमाणात स्रवायला लागतं. नवी इंजेक्शनं याच हॉर्मोनची नक्कल करतात.

म्हणून पहिलं वर्ष-दीड वर्ष अनेकांना भूकच लागत नाही. या काळात वजन घटतं ते मुख्यतः शस्त्रक्रियेमुळे. पुढे भूक हळूहळू परतते, आणि तोवर खाण्याच्या आणि चालण्याच्या सवयी बसल्या नसतील तर त्या नंतर बसवणं फार जड जातं.

वरणभात आधी की पनीर आधी?

सुरुवातीचे टप्पे ठरलेले असतात. आधी एक-दोन दिवस पाण्यासारखे पातळ पदार्थ, मग सुमारे दोन आठवडे दूध, ताक, सूप असे पातळ पदार्थ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं जेवण. हा टप्पा बहुतेक जण पार पाडतात, कारण हॉस्पिटलने तक्ता दिलेला असतो आणि घरचे लक्ष ठेवून असतात. गोंधळ सुरू होतो तो तक्ता संपल्यावर.

सगळ्यात मोठी अडचण प्रोटीनची. शस्त्रक्रियेनंतर रोज किमान ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. आता आपला हिशेब करून बघा. ३० ग्रॅम तूरडाळीचं वाटीभर घट्ट वरण म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम प्रोटीन. ६० ग्रॅमसाठी अशा नऊ वाट्या लागतील, आणि जठरात एका वेळी छोटी वाटीभरच अन्न मावतंय. 'आम्ही रोज डाळ खातो की' हे उत्तर इथे अपुरं पडतं. एका अंड्यात ६ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांमध्ये १५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं. मासे आणि चिकन खाणाऱ्यांचं काम त्यामानाने सोपं. शाकाहारी लोकांना चक्का, पनीर, सोया आणि बऱ्याचदा प्रोटीन पावडर यांची जुळवाजुळव करावी लागते.

जागा कमी असल्यामुळे क्रमही बदलतो. आपल्या पंगतीची सुरुवात वरणभात-तुपाने होते. इथे उलटं: आधी प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरली तर शेवटी भात किंवा पोळी. तसंही मऊ पोळी, पाव किंवा भात नीट चावला नाही तर त्याचा गोळा होतो आणि छातीत अडकल्यासारखं वाटतं. घास लहान, चावणं भरपूर, जेवायला वीस-तीस मिनिटं. आणि जेवताना पाणी नाही. जेवणाच्या अर्धा तास आधी आणि नंतर पाणी टाळून, दिवसभरात घोट-घोट करत दीड ते दोन लिटर पूर्ण करायचं.

गोडाचा नियम वेगळा आहे. बायपास झालेल्या माणसाने वाटीभर श्रीखंड खाल्लं तर साखर जवळजवळ थेट आतड्यात उतरते. तिथे पाणी खेचलं जातं आणि अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब असा त्रास होऊ शकतो. याला डम्पिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम उतरून गरगरतं. 'सणाचा एक मोदक खा, काही होत नाही' असा आग्रह करणाऱ्या मावशींना हे सांगणं अवघड असतं, पण सांगावं लागतं.

आणि उपवास? साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच. त्यामुळे एकादशी, चतुर्थी आणि श्रावणी सोमवार मिळून महिन्यातले सहा-सात दिवस खिचडी-वेफर्सवर गेले, तर तेवढे दिवस प्रोटीनचा खड्डा पडतो. निर्जळी उपवास तर पहिल्या वर्षात सरळ धोक्याचा. उपवास सोडायचाच नसेल तर दही, दूध, पनीर चालतं का हे घरात ठरवून घ्यावं. देवाचं काय ते ज्याचं त्याने बघावं, शरीराचा हिशेब मात्र बदलत नाही.

एक उलटा सापळाही आहे. चिकन, मोडाची उसळ असे घट्ट पदार्थ लवकर पोट भरतात. चहात बुडवलेलं बिस्किट, चिवडा, आइस्क्रीम मात्र सहज सरकत खाली जातात. त्यामुळे 'मी जेवतच नाही' म्हणणारा माणूस दिवसभर थोडं-थोडं चरत बऱ्याच कॅलरी घेऊ शकतो. दारूचंही तसंच. बायपासनंतर ती रक्तात लवकर आणि जास्त चढते. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या व्यसनाचं प्रमाण आधीच्या ७.६ टक्क्यांवरून ९.६ टक्क्यांवर गेल्याचं दिसलं.

गोळ्यांचा मुद्दा थोडक्यात. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे सगळं आयुष्यभर घ्यायचं असतं, आणि लोह व कॅल्शियममध्ये किमान दोन तासांचं अंतर. सतत उलट्या होत असतील तर 'सवय होईल' म्हणून थांबू नये. बी-१ ची कमतरता मेंदूपर्यंत पोहोचू शकते. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून घेणं बायपासनंतर अल्सरला आमंत्रण ठरतं.

व्यायाम: आपण सांगतो ते आणि यंत्र सांगतं ते

चालणं शस्त्रक्रियेनंतर लगेच, बहुतेकदा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतं, कारण पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत. जड उचलणं चार ते सहा आठवडे बंद. त्यानंतर आठवड्याला किमान १५० मिनिटं आणि जमेल तसं ३०० मिनिटांपर्यंत मध्यम व्यायाम, शिवाय दोन-तीन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम, अशी शिफारस आहे.

प्रत्यक्षात काय होतं? २०१० मध्ये अमेरिकेत २० रुग्णांवर झालेला एक छोटासा अभ्यास मला फार बोलका वाटतो. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी लोकांनी सांगितलं, आमचा व्यायाम जवळपास पाचपट वाढला. अंगावर लावलेल्या यंत्राच्या नोंदीत मात्र वाढ दिसलीच नाही. हे लोक खोटं बोलत होते असं नाही. वजन उतरल्यावर हालचाल सोपी वाटते, आणि सोपं वाटणं म्हणजे जास्त करणं असा समज होतो.

ताकदीचे व्यायाम तर आपल्याकडे 'जिमवाल्या पोरांचं काम' समजले जातात. पण घटलेल्या वजनातला साधारण पाचवा ते चौथा हिस्सा चरबीचा नसून स्नायू आणि इतर ऊतींचा असतो. वजनकाटा हा फरक दाखवत नाही. भारतीयांसाठी हे जास्त महत्त्वाचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवलं, की आपल्याकडची बाळंसुद्धा दिसायला बारीक पण तुलनेने जास्त चरबीची, कमी स्नायूंची असतात. म्हणजे शिल्लक आधीच कमी, त्यातून पुन्हा उचल. सुरुवातीला महागडी जिम लागत नाही. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, जिना, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं यापासून सुरुवात होते. मात्र पोटात प्रोटीन गेलं नसेल तर या व्यायामाचा उपयोग अर्धाच.

वजन परत वाढलं, तर?

थोडं वाढतंच. स्वीडनमधल्या दीर्घ अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटलं आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजे १२० किलोचा माणूस सुमारे ८२ वर जाऊन पुढे ९० वर थांबला. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या तुलनेत मृत्यूचं प्रमाणही कमी आढळलं. तरीही ८२ चे ९० झाले की घरात 'एवढे पैसे घालवले, पुन्हा खायला लागला' सुरू होतं, माणूस लाजेने डॉक्टरकडे जाणं बंद करतो, आणि मग ९० वर थांबायचं तेही थांबत नाही.

या पाठपुराव्याला पैशाची बाजूही आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०१९ च्या नियमांनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, अथवा ३५ किंवा त्याहून जास्त असून गंभीर आजार असतील, तर ठरावीक अटींवर या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विम्यात धरला जातो. पण बऱ्याच पॉलिसींमध्ये डिस्चार्जनंतरचा खर्च ६० ते ९० दिवसांपुरताच मिळतो. नेमका तेव्हाच हॉस्पिटलचा तक्ता संपलेला असतो. त्यापुढच्या रक्ततपासण्या, गोळ्या, प्रोटीन पावडर, डाएटिशियनची फी बहुतेकांना खिशातूनच द्यावी लागते. तारीख ठरवण्याआधी हॉस्पिटलला विचारायचा प्रश्न म्हणूनच हा आहे: पॅकेजमध्ये डाएटिशियन आणि फिजिओथेरपिस्टच्या भेटी किती, आणि त्या पहिल्या तीन महिन्यांच्याच आहेत की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्याही?