सशाचे दात व पाळणाऱ्याचे कर्तव्य

बालपुस्तकांतील ससा बहुधा गाजर कुरतडत बसलेला असतो. चित्र मनोहर खरे. परंतु तेवढ्याच ज्ञानावर जो ससा पाळतो, तो नकळत त्याला दंतरोगाच्या वाटेला लावतो. पाळीव सशाच्या दातांचे विकार पुष्कळ वेळा खाद्याच्या भांड्यातूनच येतात. ससा घरी आणण्यापूर्वी ही गोष्ट प्रत्येक कुटुंबाने ध्यानी घ्यावयास हवी.

सशाला एकंदर २८ दात असतात. त्यांपैकी ६ पटाशीचे व २२ दाढा-उपदाढा. माणसाच्या दातांची वाढ ठरावीक वयात थांबते. सशाचे सर्व दात मात्र जन्मभर वाढत राहतात. पटाशीचे दात तर आठवड्याला सुमारे २ ते ३ मिलीमीटर वाढतात. पाळीव सशाचा पूर्वज मूळचा स्पेन-पोर्तुगालकडील रानससा होय. तो रोज कित्येक तास राठ गवत चघळतो. त्या वेळी जबडा आडवा फिरतो, दाढा एकमेकींवर घासतात आणि वाढ व झीज यांचा मेळ बसतो. गाजर, पोळी, धान्य किंवा बाजारातील गोळीखाद्य थोड्याच वेळात खाऊन संपते. झीज कमी पडते, वाढ मात्र चालूच राहते. मग दाढांना अणकुचीदार कडा येऊन जीभ व गाल सोलवटतात. दातांची मुळे जबड्याच्या हाडात रेटली जातात, अश्रुनलिका दबून डोळे पाझरतात, कधी जबड्यात गळूही होते.

ससा हा इतरांचे भक्ष्य होणारा प्राणी असल्याने दुखणे लपवितो. म्हणून पाळणाऱ्याची नजर तीक्ष्ण हवी. हनुवटी लाळेने ओली राहणे, घास तोंडातून गळणे, गवत सोडून केवळ मऊ पदार्थ खाणे, लेंड्या लहान वा कमी होणे, वजन घटणे ही लक्षणे होत. दर आठवड्यास वजन करून लिहून ठेवावे. सशाने अर्धा दिवस काहीच खाल्ले नाही, तर आतड्यांची हालचाल मंदावून जिवावर बेतू शकते. अशा वेळी पशुवैद्याकडे जाण्यास विलंब करू नये.

वाढलेला पुढचा दात घरीच नखे कापण्याच्या कात्रीने तोडण्याची चाल घातक आहे. त्याने दात उभा चिरतो व मुळाशी जंतू शिरतात. पशुवैद्य दात योग्य उपकरणाने घासून बेताचे करतो. दाढांसाठी बहुधा भूल द्यावी लागते. लाकूड चघळावयास दिले की काम भागले, ही समजूतही अपुरी आहे, कारण त्याने दाढांची पुरेशी झीज होत नाही.

काही आखूड तोंडाच्या जातींत जबड्यांचा मेळ जन्मतःच बसत नाही. तेथे केवळ गवताने भागत नाही. पशुवैद्याला वारंवार दाखवावे लागते. प्रसंगी पटाशीचे दात काढूनही टाकावे लागतात. अशा सशांची पैदास करणे, रूप कितीही गोजिरे असले तरी, समर्थनीय नव्हे.

एरवी उपाय साधा व स्वस्त आहे. स्वच्छ वाळलेले गवत अष्टौप्रहर समोर असावे, हरळीसारखे ताजे गवत व पालेभाजी रोज मिळावी, आणि गाजर क्वचित, खाऊपुरते द्यावे. ज्या घरात वा शाळेत एवढी तजवीज होणार नसेल, तेथे ससा न पाळणे हीच खरी भूतदया होय.