कोणाचा तास मोलाचा?

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. मुंबईचा जुना विमानतळ आणि उलव्याचा हा नवा विमानतळ यांच्यातील हवाई अंतर सुमारे २५ किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या विमानास ते कापण्यास दोन मिनिटे पुरतील. अर्थात एवढ्या अंतरासाठी कोणी विमान उडवीत नाही. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढे जाणाऱ्यास जमिनीवरूनच जावे लागते. त्याच्या सोयीसाठी शासनाने सुमारे ३५ किलोमीटर लांबीचा मेट्रो मार्ग ८ आखला आहे.

या मार्गास आमचा तात्त्विक विरोध नाही. मात्र नकाशावर डोंबिवली हा तिसरा बिंदूही पाहावा. तेथून जुना विमानतळ सरळ रेषेत सुमारे २७ किलोमीटर, नवा सुमारे २५. तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून जवळजवळ सारखीच दूर. त्यांच्यातील प्रवास मात्र सारखा नाही.

कल्याण-डोंबिवलीहून नवी मुंबईस लोकलने जाणाऱ्यास ठाण्यास उतरून, पूल चढून, ट्रान्स-हार्बरची गाडी धरावी लागते. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कामगारांचा हा नित्याचा क्रम. विमानतळावर सामान वाहणारे, सफाई करणारे, पहारा देणारे याच वस्त्यांतून येणार. ठाण्याचा वळसा टाळण्यासाठी ऐरोली-कळवा उन्नत मार्गास २०१६ साली मंजुरी मिळाली. त्यावरील दिघा गाव स्थानक १२ जानेवारी २०२४ रोजी खुले झाले. कळव्याकडील काम मात्र झोपडीवासीयांच्या पुनर्वसनावाचून अडून राहिले. हा दोष झोपडीवासीयांचा नव्हे. पर्यायी घर न देता घर सोडा म्हणणाऱ्या नियोजनाचा तो दोष आहे. ठाणे-दिवा हा अवघा नऊ किलोमीटरचा टप्पा घ्या. तेथील पाचवी-सहावी मार्गिका २००८ साली मंजूर झाली आणि पुरी होण्यास २०२२ साल उजाडले. या दिरंगाईची किंमत गर्दीच्या रूपाने कोण मोजतो, हे ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गाडीच्या दारांतून पडून मृत्यू पावलेल्या प्रवाशांनी दाखवून दिले.

असे का घडते? प्रकल्पांचा लाभ-व्यय मांडताना वाचणाऱ्या वेळेची किंमत बहुधा प्रवाशाच्या उत्पन्नावरून ठरविली जाते. या हिशेबात अधिकाऱ्याचा तास महाग आणि हमालाचा स्वस्त ठरतो. मग ज्याचा वेळ महाग त्याचा रस्ता आधी होतो आणि गरिबाचा तास गरीब म्हणूनच वाया जातो. हे गणित निसर्गनियम नव्हे. ती एक राजकीय निवड आहे. दिवस सर्वांचा चोवीस तासांचाच असतो. दारात लोंबकळून घरी परतणाऱ्या बाईचा तास तिच्या मुलांच्या दृष्टीने कोणत्याही विमानप्रवाशाच्या तासाहून कमी मोलाचा नाही.

म्हणून आमच्या मागण्या दोन. कळव्याकडील झोपडीवासीयांचे त्यांच्या संमतीने, जवळच पुनर्वसन करून हा जोडमार्ग ठरलेल्या तारखेस पुरा करावा. आणि प्रत्येक वाहतूक प्रकल्पात सर्व प्रवाशांचा तास समान मोलाचा धरून तो हिशेब लोकांपुढे ठेवावा. कल्याण, डोंबिवली, दिवा, मुंब्रा व कळवा येथील कार्यकर्त्यांनी या मागण्या फलाटांवर न्याव्यात. दोन विमानतळांमधील अंतर शासन अगत्याने मोजते. घर आणि काम यांतील अंतर मोजण्यास त्याला आता लोकांनीच भाग पाडले पाहिजे.