टाकीपाशी उभी असलेली माणसं

मालगुंड म्हटलं की केशवसुत, हे ठरलेलंच. पण इथून आरे-वारे मार्गे रत्नागिरीत उतरा: तिथे कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. शिरगावात १९८१ पासूनचं मत्स्य महाविद्यालय आहे. या अंकाचा विषय अशा ठिकाणी मासे सांभाळणारी माणसं.

मासा ओरडत नाही. तो खाणं सोडतो, कोपऱ्यात थांबतो, पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करतो. हे यंत्राआधी ओळखणारी नजर सांभाळणाऱ्याची असते. सकाळी तळाची घाण नळीने ओढायची, मेलेला मासा लगेच काढायचा, हवेचा पंप तपासायचा. पावसाळ्यात खाडीतोंडाशी समुद्राचं पाणी गोडं आणि गढूळ होतं, तेव्हा क्षारता सांभाळताना जीव मेटाकुटीला येतो. त्यात वीज गेली की पंप बंद!

पुण्याच्या आघारकर संस्थेत झेब्राफिशवर संशोधन चालतं. या बोटाएवढ्याही नसलेल्या माशाला साधारण २८ अंश तापमान आणि चौदा तास उजेड लागतो. दिवे लागल्यावर तो अंडी घालतो. म्हणजे शास्त्रज्ञाचा प्रयोग वेळेवर दिवा लावणाऱ्याच्या हाती.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणसाखेरीज प्रत्येक सजीव प्राणी येतो, मासाही. म्हणजे माशाची दखल कायदाही घेतो; त्याला सांभाळणाऱ्याचं नाव मात्र प्रबंधात क्वचितच येतं, आणि हे आम्हाला पटत नाही. संशोधक वाचकांना विनंती: पुढच्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात ते नाव लिहा.