यंत्राचें मितभाषण

आपल्या घरांत अँड्रॉइडचा फोन असेल, तर त्याच्या मुळाशीं 'लिनक्स' नांवाचें कर्नेल अहोरात्र राबत असतें, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेल्या या कर्नेलचें काम म्हणजे यंत्राचे अवयव व त्यांजवर चालणारे प्रोग्राम यांचा मेळ घालणें. तें करीत असतां कोठें काय घडलें, याच्या नोंदी तें ठेवीत जातें. त्यांस लॉग म्हणतात. महत्त्वाप्रमाणें त्यांच्या शून्यापासून सातापर्यंत आठ पायऱ्या आहेत; शून्य म्हणजे यंत्रच निकामी होण्याचा प्रसंग, सात म्हणजे केवळ दोष शोधणाऱ्याच्या उपयोगाचें टिपण.

कोणी म्हणेल, नोंदी जितक्या अधिक तितकें बरें! परंतु नोंदींचा हा सांठा ठराविक आकाराचा असून रहाटगाडग्यासारखा फिरता असतो. तो भरला, कीं नवी नोंद सर्वांत जुन्या नोंदीची जागा घेते. डिस्क बिघडत असल्याची खरी सूचना तोंवर अन्यत्र उतरून घेतली नसेल, तर 'सर्व कुशल' म्हणणाऱ्या नोंदींखालीं ती कायमची पुसली जाते. शिवाय वेळहि जातो. सेकंदास १,१५,२०० बिट वाहणाऱ्या सीरियल तारेवरून ८० अक्षरांची ओळ जाण्यास सुमारें ७ सहस्रांश सेकंद लागतात; यंत्राच्या हिशेबीं हा काळ फार मोठा.

यास्तव एकच तक्रार ५ सेकंदांत १० वेळांहून अधिक छापूं नये, अशी मर्यादा घालण्याची सोय कर्नेलमध्यें आहे. एकच निरोप घरांतील दहा जणांनीं सांगावा, असाहि प्रकार तेथें होई. मेमरी न मिळाल्यास ती देणारें फंक्शनच तशी नोंद करतें. म्हणून ड्रायव्हरनें ती पुन्हां करूं नये, असें लिनक्सच्या लेखननियमांत सांगितलें आहे. २०१९ सालीं इंटरप्टचा क्रमांक मिळवून देणाऱ्या फंक्शनलाच अपयशाची नोंद करावयास लाविलें, आणि मग अनेक ड्रायव्हरांतील तीं द्विरुक्त वाक्यें काढून टाकण्यांत आलीं.

मात्र मितभाषण म्हणजे मौन नव्हे. खरा दोष लपविणारें यंत्र बडबड्या यंत्राहून घातक. म्हणून नोंद खोडण्यापूर्वीं विचारावें, ती वाचून मनुष्य कांहीं वेगळें करील काय? करील, तर ती राहूं द्यावी; शोधकापुरतीच असेल, तर सातव्या पायरीवर न्यावी; दुसऱ्यानें आधींच सांगितलेली असेल, तर निःशंकपणें काढावी.